ज्याचा थ्रेड, त्याचीच मेमरी: जीएलपीके मल्टिथ्रेडेड प्रोग्रामात वापरताना

पशुखाद्याचे मिश्रण कमीत कमी खर्चात कसे बसवावे, हा रेषीय प्रोग्रामिंगचा जुना आणि आजही रोज पडणारा प्रश्न आहे. मका, सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा यांचे भाव ठाऊक असतात, प्रथिने ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाहीत, कोंडा एका मर्यादेपलीकडे घालता येत नाही, आणि या सगळ्यांतून सर्वांत स्वस्त प्रमाण काढायचे असते. असा एक प्रश्न सोडवायला संगणकाला क्षणही लागत नाही. परंतु पेंडीचा भाव चढला तर काय, मका महागला तर काय, अशा हजारो शक्यता रोज तपासायच्या ठरल्या, शिवाय कारखान्याच्या खऱ्या प्रश्नात तीनऐवजी साठ घटक आणि दीडशे मर्यादा असल्या, की आठ कोअरच्या संगणकातला एकच कोअर राबतो आणि सात बसून राहतात हे खुपू लागते. मग कोणीही प्रोग्रामर सॉल्व्हरचा, म्हणजे असे प्रश्न सोडवणाऱ्या लायब्ररीचा, कॉल उचलून थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यात, टाकतो, आणि इथूनच अडचणी सुरू होतात.

या लेखात जीएलपीके (ग्नू लिनियर प्रोग्रामिंग किट) हा सॉल्व्हर घेतला आहे. मॉस्को एव्हिएशन इन्स्टिट्यूटमधील आंद्रेई मखोरिन यांनी तो सी भाषेत लिहिला, तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे आणि त्याची 5.0 ही आवृत्ती डिसेंबर 2020 मध्ये आली. वेगाच्या बाबतीत आज त्याच्यापुढे गेलेले मुक्त सॉल्व्हर आहेत. तरीही तो लहान आहे, सर्वत्र मिळतो, जुन्या प्रोग्रामांत खोलवर रुतलेला आहे, आणि थ्रेडच्या बाबतीत त्याचे वागणे एकदा समजले की इतर सॉल्व्हरांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे तेही समजते. फंक्शनांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. हेडर फाइलमध्ये ती याच क्रमाने, अधोरेषांसह सापडतील.

आत काय चालते

जीएलपीकेचे बहुतेक कॉल पाहिले तर पहिला आर्ग्युमेंट म्हणून प्रॉब्लेम ऑब्जेक्टचा पॉइंटर जातो, त्यामुळे सगळी माहिती त्या ऑब्जेक्टमध्येच आहे आणि दोन थ्रेडमध्ये दोन ऑब्जेक्ट असले की काम झाले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात लायब्ररीच्या पोटात आणखी एक वस्तू असते, जिला तिच्या दस्तऐवजांत एन्व्हायरन्मेंट म्हणतात. तुम्ही पहिला कॉल करताच ती आपोआप तयार होते. लायब्ररीने मागितलेल्या प्रत्येक मेमरी ब्लॉकची साखळी, आजवर किती ब्लॉक घेतले आणि किती बाइट वापरात आहेत यांचा हिशेब, पडद्यावर संदेश छापायचे की नाही याचा ध्वज, संदेश आणि एरर अडवणारी तुमची फंक्शने, हे सर्व त्या एन्व्हायरन्मेंटमध्ये राहते.

जुन्या आवृत्त्यांत या एन्व्हायरन्मेंटचा पॉइंटर एका साध्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये होता, म्हणजे सगळ्या प्रोसेसला मिळून एकच वही. दोन थ्रेडनी एकाच वेळी त्या वहीत ब्लॉक नोंदवला की साखळीतला एखादा दुवा हरवतो, आणि बिघाड तेव्हा न दिसता वीस मिनिटांनी भलत्याच ठिकाणी दिसतो. नव्या आवृत्त्यांत हा पॉइंटर थ्रेड-लोकल ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर प्रत्येक थ्रेडला स्वतःची वही मिळते आणि दोन थ्रेड एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. अट एकच: ज्या थ्रेडच्या वहीत ऑब्जेक्टची नोंद झाली, त्याच थ्रेडने तो वापरायचा आणि त्याच थ्रेडने तो मिटवायचा. पुढे जे काही सांगितले आहे ते याच अटीचे तपशील आहेत.

पहिली पायरी: आपल्या हातातली लायब्ररी तपासणे

थ्रेड-लोकल पॉइंटरची सोय बांधणीच्या वेळी ठरते. लायब्ररी कोणी, कोणत्या कम्पाइलरने, कोणते पर्याय देऊन बांधली यावर ती अवलंबून असल्यामुळे आवृत्तीचा क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नये. मी यासाठी दहा ओळींची एक चाचणी ठेवली आहे आणि नव्या यंत्रावर सर्वांत आधी तीच चालवतो.

‘जीएलपी_टर्म_आउट’ हे फंक्शन पडद्यावरील संदेश चालू किंवा बंद करते आणि त्याआधीची स्थिती परत देते. चालू म्हणजे 1, बंद म्हणजे 0, आणि नव्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ते सुरुवातीला चालू असते. मुख्य थ्रेडमध्ये ते बंद करावे. मग दुसरा थ्रेड सुरू करून त्यातही बंद करण्याचाच कॉल करावा, परत आलेली संख्या छापावी आणि तो थ्रेड संपेपर्यंत मुख्य थ्रेडने थांबावे. 1 आला तर दुसऱ्या थ्रेडला स्वतःचे, ताजे एन्व्हायरन्मेंट मिळाले आहे. 0 आला तर मुख्य थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला दिसला, म्हणजे दोघांची वही एकच आहे आणि या लायब्ररीसह थ्रेडचा नाद सोडावा, किंवा ती स्वतः नव्याने बांधावी. दोन्ही कॉल एकामागून एक होत असल्यामुळे ही चाचणी सामाईक एन्व्हायरन्मेंटवरही सुरक्षित आहे.

सामाईक एन्व्हायरन्मेंट असलेलीच लायब्ररी वापरणे भाग असेल, तर संपूर्ण लायब्ररीभोवती एकच लॉक घालावा लागतो आणि ऑब्जेक्ट मिटवण्याचा कॉलसुद्धा त्या लॉकच्या आत ठेवावा लागतो. प्रोग्राम बरोबर चालेल, पण सॉल्व्हरचे काम एका वेळी एकच होईल, आणि मग थ्रेडचा उपयोग डेटाबेसमधून भाव आणण्यापुरता उरतो.

दुसरी पायरी: एकाच थ्रेडमध्ये बरोबर उत्तर

मल्टिथ्रेडेड प्रोग्राममधली चूक शोधताना ती थ्रेडमुळे आली की मांडणीतच होती, हे वेगळे करता आले नाही तर दिवस फुकट जातात. म्हणून ज्याचे उत्तर हाताने काढता येते असे एक छोटे उदाहरण आधी एकाच थ्रेडमध्ये पक्के करून घ्यावे.

समजा 100 किलो मिश्रण करायचे आहे. मक्यात 9 टक्के, सरकी पेंडीत 22 टक्के आणि कोंड्यात 15 टक्के प्रथिने आहेत असे धरू. मिश्रणात किमान 16 किलो प्रथिने हवीत आणि कोंडा 40 किलोंपेक्षा जास्त नको. किलोमागे मका 24 रुपये, पेंड 34 रुपये, कोंडा 22 रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. कोंडा सर्वांत स्वस्त आणि प्रथिनांत मक्याहून सरस असल्यामुळे तो मर्यादेपर्यंत, म्हणजे 40 किलो, येतो आणि 6 किलो प्रथिने देतो. उरलेल्या 60 किलोंतून 10 किलो प्रथिने हवीत, म्हणून पेंड 35.38 किलो आणि मका 24.62 किलो लागतो. खर्च 2673.85 रुपये होतो.

आता पेंडीचा भाव 40 करा. मिश्रण तेच राहते आणि खर्च 2886.15 होतो. पेंड परत 34 वर आणून मका 36 करा. आता मका पेंडीपेक्षा महाग झाला, त्यामुळे तो पूर्ण बाहेर जातो, 60 किलो पेंड आणि 40 किलो कोंडा असे मिश्रण बसते आणि खर्च 2920 होतो. तीन भाव, तीन ठाऊक उत्तरे. पुढे आठ थ्रेड चालू असताना हीच तीन उत्तरे मधूनमधून मागायची आहेत.

मांडणी करताना जीएलपीकेच्या दोन सवयी ध्यानात असाव्यात. नवा स्तंभ जोडला की त्याच्या चलाची किंमत सुरुवातीला शून्यावर बांधलेली असते, त्यामुळे खालची मर्यादा स्वतः सांगितली नाही तर ते चल हलतच नाही. दुसरी सवय जास्त घातक आहे. इथे ओळी आणि स्तंभ 1 पासून मोजले जातात, परंतु ‘जीएलपी_सेट_ऑब्ज_कोएफ’ या फंक्शनला स्तंभ क्रमांक 0 दिला तर ते तक्रार करत नाही, कारण 0 म्हणजे उद्दिष्ट फलातील स्थिर पद असा त्याचा अर्थ ठरलेला आहे. सी भाषेच्या सवयीने 0 ते 2 अशी फेरी लिहिली, तर मक्याचा भाव स्थिर पदात जातो, पेंडीचा भाव मक्याला लागतो, कोंड्याचा पेंडीला, आणि कोंडा फुकट होतो. सॉल्व्हर आनंदाने 1344 रुपये खर्च सांगतो आणि ते उत्तर त्याच्या दृष्टीने पूर्णपणे इष्टतम असते. मी हे स्वतः करून बसलो आहे, आणि तेव्हा दोन दिवस थ्रेडवर संशय घेत होतो.

उत्तर वाचतानाही घाई नको. ‘जीएलपी_सिम्प्लेक्स’ने, म्हणजे सिम्प्लेक्स पद्धतीने प्रश्न सोडवणाऱ्या फंक्शनने, 0 परत दिला म्हणजे सॉल्व्हर अडथळ्याविना चालला इतकेच कळते. इष्टतम उत्तर सापडले की मर्यादाच परस्परविरोधी निघाल्या, हे ‘जीएलपी_गेट_स्टेटस’ला वेगळे विचारावे लागते.

तिसरी पायरी: थ्रेडमध्ये काय न्यायचे, काय बाहेर आणायचे

थ्रेडच्या सीमेवरून फक्त साधा डेटा जावा. आत जाताना भावांचा ॲरे, बाहेर येताना प्रमाणांचा ॲरे, खर्च आणि स्थितीचा क्रमांक. प्रॉब्लेम ऑब्जेक्टचा पॉइंटर कोणत्याही रांगेत, सामाईक स्ट्रक्चरमध्ये किंवा क्लासच्या सदस्यात ठेवून दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडू देऊ नये. ‘मुख्य थ्रेडमध्ये मूळ प्रश्न एकदाच बांधतो आणि प्रत्येक थ्रेडमध्ये त्याची प्रत काढतो’ ही कल्पना सुचतेच, कारण प्रत काढण्याचे फंक्शन लायब्ररीत आहे. परंतु मूळ ऑब्जेक्ट एका थ्रेडच्या वहीत आणि प्रत दुसऱ्याच्या, असा तो व्यवहार होतो. वाचन करणारे काही कॉल ऑब्जेक्टमध्ये आतून किरकोळ बदल करत नाहीत, याची हमी मी तरी कोणाला देणार नाही. प्रश्नाचे वर्णन, म्हणजे ओळ, स्तंभ आणि सहगुणक यांचे तीन ॲरे, सर्व थ्रेडना केवळ वाचण्यासाठी द्यावे आणि प्रत्येक थ्रेडने आपला ऑब्जेक्ट स्वतः बांधावा. बांधणीचा वेळ सोडवणुकीच्या तुलनेत सहसा नगण्य असतो.

एका शक्यतेसाठी एक थ्रेड सुरू करणे मात्र टाळावे. लहान प्रश्न सोडवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थ्रेड उभा करून मिटवायलाच अधिक वेळ जाऊ शकतो, आणि त्याहून मोठे नुकसान पुढचे आहे. भाव बदलले तरी मर्यादा त्याच असतील, तर मागच्या भावांसाठी सापडलेला बेसिस, म्हणजे कोणती चले उत्तर ठरवतात याची निवड, नव्या भावांसाठीही शक्य राहतो. त्यावरूनच प्रायमल सिम्प्लेक्स पुढे चालवला तर थोड्याच फेऱ्यांत नवे उत्तर मिळते. वरच्या उदाहरणात पेंडीचा भाव 34 वरून 40 झाला तेव्हा बेसिस बदललाच नाही. म्हणून शक्यतांचे मोठे तुकडे करावेत. प्रत्येक थ्रेडने ऑब्जेक्ट एकदा बांधावा, आणि आपल्या तुकड्यातील प्रत्येक शक्यतेसाठी फक्त उद्दिष्टाचे सहगुणक बदलून पुन्हा सोडवावे. प्रीसॉल्व्ह, म्हणजे सोडवण्याआधी प्रश्न लहान करून घेण्याचा पर्याय, त्या वेळी बंद असावा, कारण तो चालू असताना जुना बेसिस विचारात घेतला जात नाही.

थ्रेड सुरू होताच काही गोष्टी प्रत्येक थ्रेडमध्ये नव्याने कराव्या लागतात, आणि हे हटकून विसरले जाते. मुख्य थ्रेडमध्ये संदेश बंद केले म्हणून कामगार थ्रेडमधले बंद होत नाहीत, कारण ध्वज त्या त्या एन्व्हायरन्मेंटचा असतो. मेमरीची मर्यादा, संदेश अडवणारे फंक्शन आणि एरर अडवणारे फंक्शन यांनाही हाच नियम लागू होतो. ओपनएमपी, म्हणजे कोडचे विभाग समांतर चालवण्याची सोय, वापरत असाल तर ऑब्जेक्ट बांधणे, सोडवणे, मिटवणे आणि एन्व्हायरन्मेंट मोकळे करणे ही सगळी कामे एकाच समांतर विभागात पुरी करावीत. दोन वेगळ्या विभागांत तोच थ्रेड त्याच क्रमांकाने परत भेटेल यावर विसंबू नये.

एका थ्रेडची चूक, सगळ्या प्रोसेसचा शेवट

जीएलपीके चुकीच्या आर्ग्युमेंटबद्दल परतीचा क्रमांक देत नाही. स्तंभ तीनच असताना चौथ्याचा सहगुणक बसवायला गेलात, तर ती फाइलचे नाव आणि ओळ क्रमांकासह एक संदेश छापते आणि ‘अबॉर्ट’ करते, म्हणजे प्रोसेस तिथेच बंद पाडते. छोट्या प्रोग्रामसाठी हे धोरण प्रामाणिक आहे. सात थ्रेड आपापली कामे करत असताना आठव्याच्या चुकीने सगळी प्रोसेस खाली येते, तेव्हा ते महाग पडते. एका कारखान्यासाठी लिहिलेला माझा प्रोग्राम काही रात्री नुसताच नाहीसा होत असे. संदेश छापला जात होता, पण सेवा म्हणून चालणाऱ्या त्या प्रोग्रामला पडदाच नव्हता, आणि त्याचे मानक आउटपुट कुठेच नोंदले जात नव्हते. शेवटी ते एका फाइलमध्ये वळवले तेव्हा पहिल्याच रात्री कारण कळले: भावांच्या यादीत एक नवा घटक आला होता, जो प्रश्नात नव्हता. थ्रेड सुरू करण्याआधी हे एवढे वळवण्याचे काम तरी प्रत्येकाने करावे.

पहिला उपाय अर्थातच डेटा आधी तपासणे हा आहे. क्रमांक मर्यादेत आहेत का, किमती सांत संख्या आहेत का, स्तंभांची संख्या जुळते का, हे लायब्ररीला हात लावण्यापूर्वी पाहावे. दुसरा उपाय ‘जीएलपी_एरर_हुक’. यात आपले फंक्शन नोंदवता येते आणि अबॉर्ट होण्याआधी ते बोलावले जाते. त्यातून सी भाषेतील ‘लाँगजंप’ने बाहेर उडी मारून, आधी ‘सेटजंप’ने खूण केलेल्या जागी परत येता येते. मात्र परत आल्यावर त्या थ्रेडचे एन्व्हायरन्मेंट विश्वासार्ह राहिलेले नसते. तेव्हा करण्याजोगी एकच गोष्ट उरते: ‘जीएलपी_फ्री_एन्व्ह’ बोलावून ते पूर्ण मोकळे करणे. त्यासोबत त्या थ्रेडचे सगळे प्रॉब्लेम ऑब्जेक्टही जातात, म्हणून जुन्या पॉइंटरवर पुन्हा ‘जीएलपी_डिलीट_प्रॉब’ बोलावू नये. एरर हुकसुद्धा एन्व्हायरन्मेंटमध्येच असल्यामुळे तोही पुसला जातो आणि नव्याने नोंदवावा लागतो. हे विसरले की पहिली चूक पचते आणि दुसरी प्रोसेस घेऊन जाते.

सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनी इथे जास्त जपावे. लाँगजंपच्या वाटेत डिस्ट्रक्टर असलेले ऑब्जेक्ट आले तर वर्तन अनिश्चित होते, आणि हुकमधून एक्सेप्शन फेकली तर ती सी भाषेच्या फ्रेममधून नीट बाहेर पडेल याची खात्री नसते. सेटजंप, सॉल्व्हरचे सगळे कॉल आणि हुक हे एका पातळ, निव्वळ सी भाषेतील फाइलमध्ये ठेवावेत, आणि तिने वरच्या थराला फक्त एक क्रमांक परत द्यावा, हा मला सर्वांत शांत झोप देणारा मार्ग वाटतो.

वेळेची मर्यादा आणि मध्येच थांबवणे

सिम्प्लेक्सच्या पॅरामीटर स्ट्रक्चरमध्ये वेळेची मर्यादा मिलिसेकंदांत देता येते. ते स्ट्रक्चर आधी ‘जीएलपी_इनिट_एसएमसीपी’ने भरून घ्यावे, नाही तर त्यात कचरा असतो. ही मर्यादा घड्याळाच्या वेळेवर मोजली जाते, थ्रेडला मिळालेल्या प्रोसेसरच्या वेळेवर नव्हे. आठ कोअरवर चोवीस थ्रेड चालवले, तर प्रत्येकाला प्रत्यक्ष काम करायला त्याच्या एक तृतीयांशच वेळ मिळतो, आणि एकट्याने चालवताना आरामात सुटणारा प्रश्न ‘वेळ संपली’ म्हणून परत येतो. सोडवणूक हे निव्वळ प्रोसेसरचे काम असल्यामुळे कोअरपेक्षा अधिक थ्रेड ठेवून काहीच मिळत नाही.

वापरकर्त्याने ‘रद्द करा’ दाबले तर चालू सिम्प्लेक्स बाहेरून थांबवण्याचा सरळ मार्ग नाही, आणि थ्रेड जबरदस्तीने मारला तर त्याच्या एन्व्हायरन्मेंटची मेमरी तशीच अडकून राहते. मी फेऱ्यांची मर्यादा वापरतो. समजा 500 फेऱ्यांची मर्यादा देऊन सिम्प्लेक्स बोलावला. मर्यादा संपल्याचा क्रमांक परत आला तर सामाईक अणु ध्वज पाहायचा, रद्द झालेले नसेल तर पुन्हा तोच कॉल करायचा. प्रीसॉल्व्ह बंद असल्यामुळे काम थांबल्या जागेवरून पुढे सुरू होते. पूर्णांक चलांचा प्रश्न असेल, तर ब्रँच-अँड-बाउंडच्या, म्हणजे असा प्रश्न फांद्यांत विभागून सोडवण्याच्या पद्धतीच्या, कॉलबॅकमध्ये तोच ध्वज पाहून ‘जीएलपी_आयओएस_टर्मिनेट’ बोलावता येते, आणि ते अधिक नेटके आहे.

आवराआवर

थ्रेड संपताना क्रम असा असावा: आधी ऑब्जेक्ट मिटवायचा, मग एन्व्हायरन्मेंट मोकळे करायचे. थ्रेड संपला की त्याचा थ्रेड-लोकल पॉइंटर नाहीसा होतो, पण तो ज्या मेमरीकडे बोट दाखवत होता ती आपोआप परत जात नाही. मूठभर कायमचे थ्रेड असतील तर हे जाणवणार नाही. दर मागणीला नवा थ्रेड काढणाऱ्या सर्व्हरमध्ये मात्र आठवड्याभरात मेमरी वाढलेली दिसते. सी++ मध्ये एक छोटा थ्रेड-लोकल रक्षक ऑब्जेक्ट ठेवून त्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये हा कॉल घातला की विसरण्याचा प्रश्न राहत नाही.

आणि मिटवणारा थ्रेड दुसराच निघाला तर? जीएलपीके ब्लॉक परत करताना चालू थ्रेडच्या वहीत पाहते. त्या वहीत एकही ब्लॉक नोंदलेला नसेल तर हिशेब जुळत नाही, ती मेमरी वाटपाची चूक आहे असे जाहीर करते आणि अबॉर्ट होते. त्या वहीत इतर ब्लॉक असले तर परिस्थिती याहून वाईट: हिशेब वरवर जुळतो, आणि एका थ्रेडच्या साखळीतला दुवा दुसऱ्या थ्रेडच्या हातून तुटतो.

जावासारख्या भाषांत हे नकळत घडते. तिथे वापरात नसलेले ऑब्जेक्ट गोळा करणारा थ्रेड वेगळा असतो, आणि ऑब्जेक्ट मिटवण्याचा कॉल त्या स्वच्छतेवर सोडला तर तो हमखास भलत्या थ्रेडमध्ये होतो. म्हणून मिटवणे स्वतः, त्याच थ्रेडमध्ये, उघडपणे करावे. गो भाषेत तर गोरूटीन एका सिस्टिम थ्रेडवरून दुसऱ्यावर सरकू शकते, त्यामुळे दोन लागोपाठच्या ओळीसुद्धा एकाच थ्रेडवर चालतील असे नाही. ‘लॉक-ओएस-थ्रेड’ हा कॉल पहिल्या जीएलपीके कॉलच्या आधी केलाच पाहिजे. पायथनमध्ये पल्पसारखी लायब्ररी सॉल्व्हरचा वेगळा एक्झिक्युटेबल चालवते, तिथे प्रोसेसच वेगळी असल्यामुळे हा सगळा प्रश्न मुळातच येत नाही.

थ्रेड वाढवले आणि उत्तरे बदलली

हा भाग चूक नसूनही सर्वाधिक तक्रारी आणतो. प्रश्नाला एकाहून अधिक इष्टतम उत्तरे असतील, म्हणजे दोन वेगळी मिश्रणे अगदी सारख्याच खर्चात बसत असतील, तर सिम्प्लेक्स त्यांतील कोणत्या कोपऱ्यावर थांबेल हे तो कुठून निघाला यावर अवलंबून असते. आपण मागच्या शक्यतेच्या बेसिसवरून निघतो. शक्यतांचे वाटप रांगेतून, जो थ्रेड मोकळा होईल त्याला पुढची, असे असेल तर कोणत्या शक्यतेच्या आधी कोणती सुटली हे दर वेळी बदलते. सोमवारी आणि मंगळवारी तोच डेटा देऊन वेगळी मिश्रणे मिळतात, खर्च मात्र तोच असतो, आणि कारखान्यातला माणूस साहजिकच विचारतो की यातले खरे कोणते.

तुलना नेहमी खर्चाची करावी, आणि तीही सापेक्ष फरकाची लहानशी मुभा ठेवून. मिश्रणही दर वेळी तेच हवे असेल तर तुकडे आधीच ठरवून द्यावेत आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात प्रमाणित बेसिसपासून करावी. ‘जीएलपी_एसटीडी_बेसिस’ त्यासाठीच आहे. मग थ्रेड दोन असोत की आठ, तुकड्यांच्या सीमा थ्रेडच्या संख्येवर अवलंबून नसतील तर त्याच यंत्रावर तीच लायब्ररी तेच मिश्रण देते. रांगेतून एकेक शक्यता वाटण्याने जे काही मिलिसेकंद वाचतात, ते मी या स्थैर्यासाठी खुशाल सोडतो.

थ्रेड नकोत तेव्हा

शक्यता एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि देवाणघेवाण थोडी असेल, तर वेगळ्या प्रोसेस हा थ्रेडपेक्षा सरळ उपाय आहे. एकीत अबॉर्ट झाले तर बाकीच्या चालू राहतात, एन्व्हायरन्मेंट सामाईक असले तरी बिघडत नाही, आणि मेमरी प्रोसेस संपताच परत जाते. एकच पथ्य आहे: ‘फोर्क’ करायचे, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढायची, असेल तर ते कोणताही थ्रेड सुरू होण्याआधी करावे, कारण नव्या प्रोसेसमध्ये फक्त फोर्क बोलावणारा थ्रेड येतो आणि इतरांनी धरलेले लॉक तसेच बंद राहतात.

प्रश्न मोठे असतील किंवा परवान्याची अडचण असेल, तर एडिनबरा विद्यापीठात विकसित झालेला हायग्स हा सॉल्व्हर पाहावा. जीएलपीके जीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे तो जोडलेला प्रोग्राम इतरांना वितरित करताना त्या परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. हायग्सचा एमआयटी परवाना सैल आहे. त्याची रचना सी++ च्या क्लासभोवती आहे, त्यामुळे प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ऑब्जेक्ट देणे ही त्याची नैसर्गिक वापरपद्धत ठरते. पण तिथे उलटी काळजी घ्यावी लागते. जीएलपीके स्वतः एकही थ्रेड काढत नाही, हायग्स काढू शकतो. तुमचे आठ थ्रेड आणि प्रत्येकात सॉल्व्हरचे आणखी चार, अशी गर्दी झाली की सगळेच मंदावतात. त्याच्या ‘थ्रेड्स’ या पर्यायाचे मूळ मूल्य 0 म्हणजे संख्या सॉल्व्हरनेच ठरवावी असे आहे. स्वतःचे थ्रेड असतील तेव्हा ते 1 करावे, आणि पहिल्या सोडवणुकीच्या आधी करावे, कारण अंतर्गत शेड्युलर एकदा उभा राहिला की तो मोडून पुन्हा उभा केल्याशिवाय ही संख्या बदलता येत नाही.

मोजमाप

सगळे जुळल्यावर एक, दोन, चार आणि आठ थ्रेडवर तोच संच चालवून वेळ लिहून ठेवावी. आठ थ्रेडवर आठपट वेग सहसा मिळत नाही. सिम्प्लेक्स विरळ मॅट्रिक्समधून इकडेतिकडे उड्या मारत वाचन करतो, आणि प्रश्न कॅशमध्ये मावेनासे झाले की सगळे कोअर त्याच मेमरीच्या दारात रांग लावतात. चारवरून आठवर जाताना वेळ जेमतेम कमी झाली, तर चारच ठेवावेत आणि उरलेले कोअर इतर कामांना सोडावेत.

या मोजमापाच्या संचात दर शंभर शक्यतांमागे ती तीन ठाऊक उदाहरणे मिसळावीत: 2673.85, 2886.15 आणि 2920. त्यांच्या मर्यादा कारखान्याच्या खऱ्या प्रश्नाहून वेगळ्या असल्यामुळे प्रत्येक थ्रेडने त्यांच्यासाठी दुसरा, तीन स्तंभांचा ऑब्जेक्ट सुरुवातीलाच बांधून ठेवावा. एकदा हा संच थ्रेड-सॅनिटायझर या थ्रेडमधील टकरी पकडणाऱ्या साधनाखाली आणि एकदा व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली रात्रभर चालू द्यावा. दोन्हींत प्रोग्राम बराच मंद चालतो, तेव्हा शक्यतांची संख्या आधी हजारावर आणावी.